डेटा सफिशियन्सी: विभाजक आणि विभाज्यतेच्या प्रश्नांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या प्रश्नप्रकारात नेमके काय विचारलेले असते?

एक प्रश्न असतो आणि त्याखाली दोन विधाने असतात. उत्तर काढून दाखवा, असे येथे कोणी म्हणत नाही. दिलेल्या विधानांवरून उत्तर एकच एक ठरते की नाही, एवढेच सांगायचे असते. जीमॅटमध्ये, म्हणजे व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांसाठीच्या प्रवेश परीक्षेत, यासाठीचे पाच पर्याय कायमचे ठरलेले आहेत. फक्त पहिले विधान पुरेसे असेल तर ए, फक्त दुसरे पुरेसे असेल तर बी, एकेकटे अपुरे पण दोन्ही मिळून पुरेसे असतील तर सी, प्रत्येक विधान स्वतंत्रपणे पुरेसे असेल तर डी आणि दोन्ही मिळूनही उत्तर ठरत नसेल तर ई. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या नव्या रचनेत हे प्रश्न गणिताच्या विभागातून काढून ‘डेटा इनसाइट्स’ या विभागात नेले गेले. तेथे २० प्रश्नांना ४५ मिनिटे मिळतात, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी सव्वादोन मिनिटे. यूपीएससीच्या सीसॅटमध्येही हा प्रकार विचारला जातो, पण तेथील पर्यायांची शब्दरचना आणि क्रम वेगळा असू शकतो. त्यामुळे जीमॅटसाठी पाठ केलेली अक्षरे तेथे डोळे झाकून वापरू नयेत.

या विभागात स्क्रीनवर कॅल्क्युलेटर मिळतो. विभाज्यतेसाठी त्याचा उपयोग होतो का?

फारसा होत नाही. कॅल्क्युलेटर एका संख्येचा भागाकार करून देतो, आणि येथे आपल्याला विधानात बसणाऱ्या सर्व संख्यांविषयी बोलायचे असते.

विधान पुरेसे आहे की नाही, हे ठरवण्याची खात्रीची रीत कोणती?

विधानाला मोडून पाहणे, ही. विधान खरे ठेवून प्रश्नाचे उत्तर एकदा ‘हो’ आणि एकदा ‘नाही’ आणता येते का, हे तपासावे. दोन्ही उत्तरे आणता आली की विधान अपुरे ठरले. पुढे एक ओळही लिहिण्याची गरज नाही.

माझ्या वर्गातील एका विद्यार्थिनीची कच्च्या कामाची वही मी नव्या मुलांना नेहमी दाखवतो. प्रत्येक विधानासाठी तिने पेन्सिलीने एक उभी रेघ मारलेली असते. रेघेच्या डावीकडे ‘हो’, उजवीकडे ‘नाही’. प्रश्न असा होता: क्ष ही धन पूर्णांक संख्या असल्यास क्ष ला १२ ने निःशेष भाग जातो का? विधान १: क्ष ला ६ ने भाग जातो. विधान २: क्ष ला ४ ने भाग जातो. पहिल्या विधानासाठी तिने डावीकडे १२ आणि उजवीकडे ६ लिहिले. दुसऱ्यासाठी डावीकडे पुन्हा १२ आणि उजवीकडे ४. दोन्ही विधाने अपुरी ठरली. मग दोन्ही एकत्र घेतल्यावर डावीकडे १२, २४, ३६ अशा संख्या उतरल्या आणि उजवी बाजू कोरी राहिली. ती कोरी बाजू पाहून तिने लगेच सी वर खूण केली नाही. ती कोरी का राहते, याचे कारण शेजारी दोन शब्दांत लिहिले: ‘लसावि १२’. त्या दोन शब्दांपर्यंत पोहोचणे हे या विषयातील खरे काम आहे.

संख्येला ६ ने आणि ४ ने भाग जातो, तर २४ ने का जात नाही?

कारण ६ मधील २ आणि ४ मधील एक २ हा एकच असू शकतो; आपण तो दोनदा मोजतो. १२ ही संख्या समोर ठेवली की शंका फिटते: तिला ६ ने भाग जातो, ४ ने जातो, २४ ने जात नाही. दोन भाजक सहमूळ असतील, म्हणजे त्यांना १ खेरीज सामाईक विभाजक नसेल, तरच त्यांच्या गुणाकाराने भाग जाईल अशी हमी असते. म्हणून ३ आणि ८ यांच्यावरून २४ मिळतात, ६ आणि ४ यांच्यावरून फक्त १२. वरच्याच प्रश्नात १२ च्या जागी २४ घातले, तर दोन्ही विधाने एकत्र घेऊनही १२ ही संख्या ‘नाही’ देते, २४ ही ‘हो’ देते आणि उत्तर ई होते.

उत्तर ‘नाही’ येत असेल तर विधान अपुरे समजायचे का?

मुळीच नाही, आणि या एका गैरसमजापायी चांगल्या तयारीच्या मुलांचे गुण गेलेले मी पाहिले आहेत. ‘नाही’ हे ठाम उत्तर आहे. अपुरेपणा ‘कधी हो, कधी नाही’ यात असतो.

उदाहरण पाहा. क्ष या धन पूर्णांकाला १५ ने भाग जातो का? विधान १: क्ष ला १० ने भागल्यास बाकी ३ उरते. विधान २: क्ष च्या अंकांची बेरीज १२ आहे. पहिल्या विधानानुसार एककस्थानी ३ हा अंक आहे, म्हणून ५ ने भाग जाणार नाही, म्हणून १५ नेही कधीच जाणार नाही. उत्तर ठाम ‘नाही’ आहे आणि विधान पुरेसे आहे. दुसऱ्या विधानात ३ ने भाग जाण्याची खात्री आहे, पण ३९ ला १५ ने भाग जात नाही आणि ३४५ ला जातो (१५ × २३). म्हणून ते अपुरे आहे. पर्याय ए.

प्रत्येक वेळी मूळ अवयव पाडावेत, असा आग्रह का धरला जातो?

विभाज्यता म्हणजे मूळ अवयवांचा हिशेब आहे. ‘अ ला ब ने भाग जातो’ याचा अर्थ असा की ब मधील प्रत्येक मूळ अवयव अ मध्ये निदान तितक्या वेळा तरी आहे. एकदा हा अर्थ अंगवळणी पडला की वर्ग, घन, मसावि, लसावि आणि विभाजकांची संख्या हे सारे धडे वेगवेगळे वाटेनासे होतात.

याचा सर्वांत ठळक उपयोग वर्गसंख्यांच्या प्रश्नांत होतो. क्ष हा धन पूर्णांक आहे. क्ष ला १२ ने भाग जातो का? विधान १: क्ष च्या वर्गाला ७२ ने भाग जातो. विधान २: क्ष च्या वर्गाला ३६ ने भाग जातो. ७२ म्हणजे २×२×२×३×३. क्ष च्या वर्गात २ हा अवयव निदान तीन वेळा हवा; परंतु पूर्ण वर्गात प्रत्येक मूळ अवयव सम वेळाच येतो, म्हणून तो निदान चार वेळा असलाच पाहिजे. याचा अर्थ क्ष मध्ये २ निदान दोनदा आणि ३ निदान एकदा आहे, म्हणजेच १२ ने भाग जातो. पहिले विधान पुरेसे आहे. दुसऱ्या विधानातून क्ष मध्ये एक २ आणि एक ३ एवढेच हाती लागते; क्ष = ६ घेतल्यास ‘नाही’, १२ घेतल्यास ‘हो’. पर्याय ए.

येथे ‘क्ष हा पूर्णांक आहे’ या शब्दांवर सारा डोलारा उभा आहे. ते शब्द काढून टाकले, तर क्ष चा वर्ग नेमका ७२ असू शकतो आणि क्ष ही अपरिमेय संख्या होते. म्हणून प्रश्नाच्या पहिल्या ओळीत संख्येचा प्रकार कोणता सांगितला आहे, हे विधानांकडे वळण्यापूर्वी पाहावे.

काही संख्या घालून पाहिल्या आणि दर वेळी ‘हो’ आले, तर विधान पुरेसे मानता येईल का?

अपुरेपणा सिद्ध करायला दोन उदाहरणे पुरतात. पुरेसेपणा मात्र उदाहरणांच्या ढिगाने सिद्ध होत नाही. क्ष चा वर्ग, अधिक क्ष, अधिक ४१ या राशीत ० पासून ३९ पर्यंतचा कोणताही पूर्णांक घातला तर मूळ संख्याच मिळते, आणि ४० घातल्यावर १६८१ मिळतात, जे ४१ × ४१ आहेत. चाळीस वेळा ‘हो’ आल्यानंतर आलेला हा पहिला ‘नाही’ आहे.

विभाज्यतेत मात्र एक सोय आहे, जी पुष्कळांच्या लक्षात येत नाही. राशी बेरीज, वजाबाकी आणि गुणाकारानेच बनलेली असेल, तर तिला ६ ने भागल्यावर येणारी बाकी ही मूळ संख्येला ६ ने भागल्यावर येणाऱ्या बाकीवरच अवलंबून असते, आणि अशा बाक्या फक्त सहा आहेत: ० ते ५. म्हणून ‘क चा घन वजा क’ या राशीला ६ ने नेहमी भाग जातो का, हे ठरवण्यासाठी क च्या जागी ०, १, २, ३, ४, ५ घालून पाहणे हा पूर्ण पुरावा ठरतो. किमती येतात ०, ०, ६, २४, ६०, १२०. सर्वांना ६ ने भाग जातो आणि प्रश्न निकालात निघतो. ज्यांना अवयव पाडणे सोपे वाटते, त्यांना ही राशी क च्या अलीकडची संख्या, क आणि क च्या पलीकडची संख्या अशा तीन क्रमागत पूर्णांकांचा गुणाकार म्हणून दिसेल. अशा तिघांत एकाला ३ ने भाग जातो आणि निदान एक संख्या सम असते.

दोन्ही विधाने एकत्र घेतल्यावर उत्तर मिळते, तरीही सी चूक कसा ठरतो?

कारण त्यांपैकी एक विधान आधीच पुरेसे असते आणि दुसरे सोबतीला बसवलेले असते. क्ष ला ६ ने भाग जातो का? विधान १: क ही १ पेक्षा मोठी पूर्णांक संख्या असून क्ष = क चा घन वजा क. विधान २: क्ष सम आहे. दुसरे विधान वाचून मनाला वाटते की २ ची व्यवस्था झाली, आता पहिल्यातून ३ मिळवू. प्रत्यक्षात पहिल्या विधानात दोन्ही गोष्टी आहेत, हे आत्ताच पाहिले. दुसरे एकट्याने अपुरे आहे. पर्याय ए. माझा सल्ला असा की दुसरे विधान तपासताना पहिले हाताने झाकून ठेवावे. स्क्रीनवर ते झाकता येत नाही, म्हणून निदान कच्च्या कागदावर दोन्हींचे रकाने वेगळे ठेवावेत.

भागाकारात उरणाऱ्या बाकीवरील प्रश्नांत कोठे फसायला होते?

दिशा चुकते. क्ष ला ८ ने भागल्यास बाकी ५ उरत असेल, तर ४ ने भागल्यास बाकी १ उरणार, हे निश्चित आहे. उलट, ४ ने भागल्यावर बाकी १ असेल, तर ८ ने भागल्यावर १ किंवा ५ यांपैकी काहीही असू शकते. ९ आणि १३ घेऊन पाहा. मोठ्या भाजकाकडून त्याच्या विभाजकाकडे उतरता येते, खालून वर चढण्यासाठी जास्तीची माहिती लागते. ती माहिती सहसा दुसरे विधान देते: २ ने भागल्यावर बाकी १ आणि ३ ने भागल्यावर बाकी २, ही दोन विधाने एकेकटी ‘६ ने भागल्यावर बाकी किती?’ याचे उत्तर देत नाहीत, पण एकत्र आल्यावर ५, ११, १७ अशाच संख्या उरतात आणि बाकी ५ ठरते. दोन बाक्यांवरून संख्या शोधण्याचा हा विचार आपल्याकडे फार जुना आहे. आर्यभटांनी इ.स. ४९९ मध्ये कुट्टकाची रीत सांगितली आणि पुढे भास्कराचार्यांनीही ती मांडली. परीक्षेत कुट्टक करण्याची वेळ येत नाही. दोन्ही अटी पाळणारी पहिली संख्या शोधून तीत दोन्ही भाजकांचा लसावि मिळवत गेले की काम होते.

बेरजेच्या विभाज्यतेबद्दल काय लक्षात ठेवावे?

दोन्ही संख्यांना ७ ने भाग जात असेल तर बेरजेला जातो. एकीला जातो आणि दुसरीला जात नाही, तर बेरजेला कधीच जात नाही. दोघींनाही जात नसेल, तर काहीच सांगता येत नाही: ३ आणि ४ यांची बेरीज ७ आहे, ३ आणि ५ यांची ८. परीक्षक मधल्या नियमावर प्रश्न रचतात, कारण तेथे दोन्ही विधाने एकत्र आल्यावर ठाम ‘नाही’ मिळते आणि ते पाहून विद्यार्थी घाईने ई निवडतात.

विभाजकांची संख्या विचारली असेल तर?

संख्येचे मूळ अवयव पाडून प्रत्येक अवयव किती वेळा आला ते मोजावे, त्या प्रत्येक आकड्यात १ मिळवावा आणि गुणाकार करावा. ७२ मध्ये २ तीनदा आणि ३ दोनदा आहे; म्हणून विभाजक ४ × ३ = १२. ही रीत सर्वांना येते. घात होतो तो ‘भिन्न’ हा शब्द गृहीत धरल्याने. प आणि म या मूळ संख्या असून क्ष = प चा घन × म; क्ष ला किती धन विभाजक आहेत? विधान १: प ही म पेक्षा लहान आहे. विधान २: क्ष सम आहे. अक्षरे वेगळी दिसतात म्हणून संख्या वेगळ्या असतातच असे नाही. पहिल्या विधानाने त्या वेगळ्या ठरतात आणि विभाजक ४ × २ = ८ निघतात. दुसऱ्या विधानात दोन्ही २ असू शकतात, मग क्ष = १६ आणि विभाजक ५; किंवा २ आणि ३ असतील, मग क्ष = २४ आणि विभाजक ८. पर्याय ए.

पुष्कळदा विभाजकांची संख्याच विधान म्हणून दिलेली असते. नेमके दोन विभाजक म्हणजे मूळ संख्या, नेमके तीन म्हणजे मूळ संख्येचा वर्ग, विषम संख्येने विभाजक म्हणजे पूर्ण वर्ग. ‘क्ष ही दोन अंकी संख्या असून तिला नेमके तीन विभाजक आहेत’ हे विधान घ्या. त्यात २५ आणि ४९ या दोनच संख्या बसतात. ‘क्ष ची किंमत किती?’ असे विचारले असेल तर विधान अपुरे आहे, आणि ‘क्ष विषम आहे का?’ असे विचारले असेल तर पुरेसे आहे. म्हणूनच विधानाचा कस प्रश्न पुन्हा वाचल्याशिवाय लावू नये.

मसावि आणि लसावि दोन्ही दिले असतील तर दोन्ही संख्या कळतात का?

त्यांचा गुणाकार कळतो, संख्या कळतीलच असे नाही. मसावि ६ आणि लसावि ७२ असेल तर गुणाकार ४३२ ठरतो. पण ६ व ७२ ही जोडीही बसते आणि १८ व २४ हीसुद्धा. त्यामुळे एका विधानात मसावि आणि दुसऱ्यात लसावि दिला असेल, तर ‘गुणाकार किती?’ या प्रश्नाला सी आणि ‘बेरीज किती?’ या प्रश्नाला ई, कारण बेरीज एकदा ७८ येते आणि एकदा ४२.

संख्येतील एक अंक अज्ञात असेल, तर कोणत्या कसोट्या उपयोगी पडतात?

शाळेत शिकलेल्याच, पण येथे महत्त्वाचे असते ते त्या कसोटीत किती अंक बसतात. एक तीन अंकी संख्या आहे: शतकस्थानी ४, दशकस्थानी क, एककस्थानी २. तिला ३ ने भाग जातो असे म्हटले, तर क च्या जागी ०, ३, ६, ९ असे चार अंक चालतात. ४ ने भाग जातो म्हटले, तर कोणताही विषम अंक चालतो. ११ ने भाग जातो म्हटले, की ४ आणि २ यांच्या बेरजेतून क वजा केल्यावर ० किंवा ११ च्या पटीत संख्या यावी लागते, आणि तसा अंक फक्त ६ आहे; ४६२ म्हणजे ११ × ४२. ही ११ ची कसोटी विधान म्हणून आली की ती एका अज्ञात अंकापुरती नेहमी पुरेशी असते, कारण ० ते ९ हे दहाही अंक ११ च्या हिशेबात परस्परांपासून वेगळे राहतात. ९ च्या कसोटीत ० आणि ९ यांचा घोटाळा होऊ शकतो, बाकी अंकांत नाही. ७ च्या बाबतीत ० व ७, १ व ८, २ व ९ या जोड्या एकमेकींत मिसळतात.

शून्य, ऋण संख्या आणि १ यांचा विचार करायचा का?

‘धन पूर्णांक’ असे लिहिलेले नसेल तर अवश्य करावा. शून्याला प्रत्येक शून्येतर पूर्णांकाने निःशेष भाग जातो. म्हणून ‘क्ष हा −१० आणि १० यांच्या दरम्यानचा पूर्णांक असून त्याला १० ने भाग जातो’ या विधानावरून क्ष = ० एवढे नक्की ठरते; अशी संख्याच नाही, असे समजून पुष्कळ जण ते सोडून देतात. १ ही मूळ संख्याही नाही आणि संयुक्तही नाही. २ ही एकमेव सम मूळ संख्या आहे.

सरावाच्या एका प्रश्नात दोन्ही विधाने एकमेकांच्या विरोधात गेली. असे होऊ शकते का?

जीमॅटच्या प्रश्नांत होत नाही. तेथे दोन्ही विधाने खरी मानलेली असतात आणि ती एकाच वेळी खरी असू शकतात. ‘क्ष चा घन वजा क्ष या राशीला २४ ने भाग जातो का?’ या प्रश्नाखाली ‘क्ष विषम आहे’ आणि ‘क्ष ला ८ ने भाग जातो’ अशी विधाने मी स्वतः एकदा वर्गासाठी लिहिली होती. दोन्ही एकेकटी पुरेशी आहेत, त्यामुळे पर्याय डी बरोबर वाटतो. पण विषम संख्येला ८ ने भाग कसा जाईल, हे एका विद्यार्थ्याने विचारले तेव्हा मी तो प्रश्न फळ्यावरून पुसला. आता दुसरे विधान ‘क्ष ला ३ ने भागल्यास बाकी २ उरते’ असे देतो. क्ष = २ घेतल्यास राशी ६ येते, ५ घेतल्यास १२० येते, म्हणून ते अपुरे आणि पर्याय ए. तुमच्या सोडवण्यात पहिल्या विधानातून ठाम ‘हो’ आणि दुसऱ्यातून ठाम ‘नाही’ आले, तर आधी स्वतःची आकडेमोड तपासावी. ती बरोबर असेल तर सरावाचा तो प्रश्न बाजूला ठेवावा.

फॅक्टोरियलवर आलेले प्रश्न कसे हाताळावेत?

दुर्मीळ असलेला मूळ अवयव मोजावा. क्ष फॅक्टोरियल म्हणजे १ पासून क्ष पर्यंतच्या सर्व पूर्णांकांचा गुणाकार. त्याला १००० ने भाग जातो का, असे विचारले असेल तर २ तीनदा आणि ५ तीनदा हवेत. २ चा तुटवडा कधीच पडत नाही, म्हणून ५ कडे पाहावे: पहिला ५ मध्ये, दुसरा १० मध्ये, तिसरा १५ मध्ये. ‘क्ष १४ पेक्षा मोठा पूर्णांक आहे’ हे विधान पुरेसे, ‘क्ष १० पेक्षा मोठा पूर्णांक आहे’ हे अपुरे. पुढे मोजताना २५ मध्ये ५ दोनदा येतो हे विसरू नये. ३० फॅक्टोरियलमध्ये ५ सहा वेळा नसून सात वेळा आहे.